कॉम्प्युटरवर नीट, टीव्हीवर थरथर : एका लग्नाच्या डीव्हीडीचं निदान

साताऱ्यातल्या एका घरातली ही डीव्हीडी आहे. लग्न 2006 सालचं, शूटिंग मिनीडीव्ही या छोट्या डिजिटल कॅसेटवर झालेलं. त्यातून 2 तास 50 मिनिटांचा एडिट केलेला व्हिडिओ तयार झाला आणि तो सगळाच्या सगळा एका साध्या 4.7 जीबी डिस्कवर बसवून दिला गेला. वरून नवरा-नवरीच्या फोटोचं छानसं कागदी स्टिकर.

मुलीचे आई-वडील ती डिस्क घेऊन आले तेव्हा तक्रारी तीन होत्या. काका म्हणाले, "टीव्हीवर चित्र नाचतं. माणूस चालला की डोळे दुखतात." काकूंची तक्रार वेगळी : "मंगलाष्टकं संपून अक्षता पडतात ना, तेव्हा कुणाचा चेहराच दिसत नाही. नुसते चौकोन." आणि तिसरी दोघांची मिळून, पाठवणीला डिस्क अडकते, आवाज तुटतो आणि प्लेअर थेट वरातीवर उडी मारतो. जाता जाता त्यांनी हेही सांगितलं की न्यू जर्सीला असलेल्या मुलीकडे डिस्क लागतच नाही.

उपाय करून झाले होते. लेन्स साफ करून घेतली, प्लेअर नवा आणला, डिस्कची कॉपी काढली. कॉपीतही चित्र तसंच नाचत होतं. सगळ्यात गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की घरातल्या कॉम्प्युटरवर तीच डिस्क बऱ्यापैकी नीट चालायची. त्यामुळे ज्याला दाखवावी तो म्हणायचा, "डिस्क ओके आहे, तुमचा टीव्ही बघा."

अशा वेळी माझा आग्रह एकच असतो : दोषाचा आकार नीट बघायचा. कॅमेरा, कॅसेट, कॅप्चर, एडिटिंग, एमपेग करणं (म्हणजे डिस्कवर मावावा म्हणून व्हिडिओ दाबून लहान करणं), डिस्क राइट करणं, प्लेअर, केबल, टीव्ही अशी ही लांब साखळी आहे आणि प्रत्येक कडी चित्र आपापल्या पद्धतीनं बिघडवते. नाचणारं चित्र, चौकोन आणि अडकणं ही एकाच आजाराची तीन लक्षणं समजली, की माणूस प्लेअर बदलत बसतो. इथे तिन्हींची मुळं तीन ठिकाणी निघाली.

आधी अडकणं, कारण ते वेगळं काढणं सोपं

डिस्क अडकते तेव्हा दोन शक्यता असतात. एकतर डिस्कवरची अक्षरं वाचता येत नाहीत, किंवा अक्षरं वाचता येतात पण लिहिलेलंच चुकीचं आहे. हे ओळखायची साधी चाचणी आहे. डिस्कची पूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब प्रतीची फाइल, हार्डडिस्कवर वाचून घ्यायची, ती चांगल्या कोऱ्या डीव्हीडीवर मध्यम वेगानं राइट करायची आणि त्याच प्लेअरला लावायची. अडकणं गेलं तर डिस्क दोषी, राहिलं तर मजकूर.

इमेज वाचताना कॉम्प्युटरचा ड्राइव्ह शेवटच्या भागात रेंगाळला, पुन्हा पुन्हा वाचत राहिला, पण अखेर वाचून संपली. 16एक्स वेगाच्या कोऱ्या डिस्कवर ती 8एक्स वेगानं राइट केली. काकांच्या प्लेअरवर पाठवणी न अडकता पार पडली. चित्र मात्र पूर्वीसारखंच नाचत होतं आणि अक्षतांचे चौकोनही जागच्या जागी होते. म्हणजे एक दोष बाजूला निघाला आणि बाकीचे दोन त्याच्याशी संबंधित नाहीत हेही कळलं.

पाठवणीच का, याचं कारण डिस्कच्या रचनेत आहे. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. कडेपर्यंत भरलेल्या डिस्कचा शेवट म्हणजे अगदी बाहेरची कड. कोऱ्या डिस्कमधला रंगद्रव्याचा थर तिथेच बहुधा असमान असतो, आणि डिस्क जराशी जरी वाकलेली असली तरी सगळ्यात जास्त हेलकावा तिथेच बसतो. त्यात कागदी स्टिकर. ते काटेकोर मध्यभागी बसलेलं नसेल तर फिरताना तोल जातो. प्लेअर गरम झाला की गोंद आणि कागद आपापल्या परीनं ओढतात. डीव्हीडी 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून होते आणि तिच्यावरच्या नोंदीच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर असतं 0.74 मायक्रॉन. एवढ्या बारीक कामावर स्टिकरची ओढ परवडत नाही. हे स्टिकर सोलायलाही जाऊ नये. सोलताना डिस्क वाकते आणि उरलासुरला भागही हातचा जातो. इमेज मिळाली आहे ना, मग ती डिस्क तशीच ठेवून द्यावी.

कॉम्प्युटरला जे जमलं ते प्लेअरला का जमलं नाही, हाही प्रश्न काकांनी विचारला. कॉम्प्युटरला फाइल वाचताना वेळ काढता येतो. प्लेअरला सेकंदाला 25 फ्रेम टीव्हीकडे पाठवायच्याच असतात. त्याच्याकडची साठवण थोडी, ती संपली की चित्र थिजतं.

नाचणारं चित्र

या प्रकरणातला खरा गाभा हा. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत एका फ्रेमच्या 576 ओळी असतात, पण कॅमेरा त्या एकदम टिपत नाही. आधी एकाआड एक 288 ओळी, आणि 1/50 सेकंदानं उरलेल्या 288. या प्रत्येक अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. सेकंदाला 25 फ्रेम असं आपण म्हणतो, पण हालचालीचे क्षण टिपलेले असतात 50. जुन्या शूटिंगमधली हालचाल टीव्हीवर इतकी सळसळीत दिसते ती त्यामुळेच.

आता दोन्हींपैकी आधीचं फील्ड कुठलं, हे फाइलमध्ये नोंदवलेलं असावं लागतं. मिनीडीव्हीत खालचं फील्ड आधीचं असतं. डीव्हीडीला दोन्ही क्रम चालतात, फक्त एमपेगमधली खूण खरी हवी. बऱ्याच एडिटिंग प्रोग्रामांत पाल डीव्हीडीचा तयार साचा निवडला की वरचं फील्ड आधी असं आपोआप ठरतं. कॅसेटचं मटेरिअल खालचं आधी आणि प्रोजेक्ट वरचं आधी असेल, तर टीव्हीला क्षण मिळतात ते 2, 1, 4, 3, 6, 5 असे. माणूस पुढे जातो, किंचित मागे येतो, पुन्हा पुढे जातो. सेकंदाला पंचवीस वेळा. स्थिर चित्रात काहीही जाणवत नाही. हालचाल जितकी जोरात तितकी थरथर जास्त. काकांनी "माणूस चालला की" असं म्हटलं होतं, आणि निदान त्या शब्दांतच होतं.

कॉम्प्युटरवर हे दिसत नव्हतं, कारण तिथला प्लेअर दोन्ही फील्ड एकमेकांत विणून एकच फ्रेम दाखवत होता. दोन्ही एकदमच दिसणार असतील तर आधी कुठलं याला अर्थ उरत नाही. हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात तेवढे दिसतात. अनेकांना हे दातच दोष वाटतात आणि ते घालवण्यासाठी अख्खा व्हिडिओ डीइंटरलेस करून टाकतात, म्हणजे फील्डऐवजी पूर्ण फ्रेम बनवतात. टीव्हीवर बघायच्या डीव्हीडीसाठी मी हे कधीच करत नाही. दात म्हणजे दोन वेगळे क्षण शाबूत असल्याचा पुरावा. ते पुसले की निम्मी हालचाल कायमची जाते.

कॉम्प्युटरवरच खात्री करायची तर व्हीएलसी या प्लेअर प्रोग्राममध्ये डीइंटरलेस चालू करून याडिफ टू-एक्स किंवा बॉब हा प्रकार निवडावा. मग प्रत्येक फील्ड स्वतंत्र दाखवलं जातं आणि थरथर तिथेही दिसते. मी याहून जास्त भरवशाची पद्धत वापरली. एव्हीसिंथ या व्हिडिओच्या प्रोग्राममध्ये फील्ड सुटी करून एकेक पुढे सरकवली. वधू हार घालते तो हात पुढे-मागे, पुढे-मागे जात होता. क्रम उलटा मानल्यावर तोच हात सरळ वर गेला. निकाल लागला.

पण इथेच एक गोष्ट लक्षात आली. सुरुवातीला नावं उजवीकडून सरकत येतात ती पाटी मूळ डिस्कवर अगदी लोण्यासारखी सरकत होती. क्रम उलटा मानल्यावर ती थरथरू लागली. म्हणजे पाट्या एडिटिंग प्रोग्रामनं स्वतः बनवलेल्या, प्रोजेक्टच्या क्रमानं, म्हणून बरोबर. कॅसेटवरचं मटेरिअल तेवढं उलटं. सगळ्या डिस्कची फील्ड उलटी असती तर सोपं होतं. रीस्ट्रीमसारख्या छोट्या प्रोग्रामनं एमपेगमधली खूण बदलता येते, चित्र पुन्हा दाबावं लागत नाही आणि दर्जाही घटत नाही. कॅसेट हरवलेल्या लोकांसाठी ही वाट फार मोलाची आहे. इथे मात्र त्यानं लग्न सुधारलं असतं आणि पाट्या बिघडल्या असत्या. जिथे एका दृश्यातून दुसरं दृश्य विरघळत येतं आणि जिथे हालचाल संथ केलेली आहे, तिथे तर दोन्ही क्रमांची सरमिसळ होऊन बसली होती.

काकूंनी मूळ कॅसेट कपाटात जपून ठेवल्या होत्या. म्हणून पुढचं सगळं शक्य झालं.

अक्षतांमधले चौकोन

एमपेग-2 प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहीत नाही. एक पूर्ण लिहायची आणि पुढच्या फ्रेममध्ये काय बदललं, काय कुठे सरकलं एवढंच नोंदवायचं. पाल डीव्हीडीत असा गट जास्तीत जास्त 15 फ्रेमचा. भटजी मंगलाष्टकं म्हणतायत, अंतरपाट स्थिर आहे, तोवर हे छान जमतं. "शुभमंगल सावधान" झालं की शेकडो दाणे हवेत, प्रत्येकाची दिशा वेगळी. मागच्या फ्रेमवरून पुढचीचा अंदाज बांधताच येत नाही. त्याच क्षणी सगळे फोटोग्राफर फ्लॅश मारतात, म्हणजे एक फ्रेम पांढरीफटक आणि पुढची पुन्हा काळोखी. आपल्या लग्नातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हा एमपेगच्या दृष्टीनं सगळ्यात अवघड क्षण असतो. मटेरिअल हाती आलं की मी पहिल्यांदा तोच भाग बघतो.

त्या क्षणासाठी डिस्कवर जागा किती होती याचा हिशेब मांडू. 4.7 जीबी म्हणजे 37.6 अब्ज बिट. 2 तास 50 मिनिटं म्हणजे 10,200 सेकंद. भागिले तर सेकंदाला साधारण 3.7 मेगाबिट येतात. मेनू आणि बांधणीसाठी थोडे सोडले की 3.57 च्या आसपास. हे चित्र आणि आवाज मिळून. आणि मूळ डिस्कवरचा आवाज होता पीसीएम, न दाबलेला, सेकंदाला 1.536 मेगाबिटचा. चित्राच्या वाट्याला उरले जेमतेम 2. मिनीडीव्हीवर याच चित्राला 25 मेगाबिट मिळत होते. बाराव्या हिश्शात ते कोंबलं गेलं आणि वरून अक्षता पडल्या.

कॅमेऱ्याच्या मायक्रोफोननं टिपलेल्या सनईसाठी पीसीएमची काहीच गरज नव्हती. नुसता आवाज 224 किलोबिटच्या एसी-3 या दाबलेल्या प्रकारात ठेवला असता तरी त्याच डिस्कवर चित्राला 3.3 च्या वर मिळाले असते. तेही अपुरेच, पण चेहरे ओळखू आले असते. सेटिंगच्या खिडकीत आवाजाचा रकाना कुणी उघडून बघत नाही, ही फार जुनी सवय आहे. कृपा करून तो उघडा.

एकदा पडलेले चौकोन काढता येत नाहीत. गुळगुळीत करणारे फिल्टर लावले तर चौकोनांच्या जागी मेण लावलेले चेहरे मिळतात. इथे उपाय कॅसेटवरून पुन्हा करणं हाच.

पुन्हा करताना

कॅसेट फायरवायर या डिजिटल केबलनं उतरवल्या. यात चित्र बदलत नाही, टेपवरचे आकडेच जसेच्या तसे येतात, तासाला सुमारे 13 जीबी. तेच चित्र पिवळ्या ॲनालॉग केबलनं कॅप्चर कार्डात घेतलं तर दर्जा दारातच पडतो. नव्या कॉम्प्युटरला फायरवायर नसतं, वेगळं कार्ड लागतं. ती खटपट करावी.

हळदीच्या कॅसेटवर वेगळेच चौकोन दिसले. ते अक्षतांसारखे अवघड दृश्यात येत नव्हते, कुठेही, आडव्या पट्ट्यांत येत होते. पाल डीव्हीची एक फ्रेम टेपवर 12 तिरप्या ट्रॅकमध्ये विभागलेली असते आणि दोन हेड आळीपाळीनं ते वाचतात. एका हेडवर धूळ बसली की एकाआड एक पट्ट्या जुन्या चित्रावर थिजून राहतात. कोरडी क्लीनिंग कॅसेट काही सेकंद फिरवल्यावर बराच फरक पडला. बाकीचं दुसऱ्या कॅमेऱ्यात तीच टेप लावून उतरवलं. दोन कॅमेऱ्यांची हेडची बैठक तंतोतंत सारखी नसते, त्यामुळे एकाला न वाचता आलेलं दुसऱ्याला वाचता येतं. दोन्ही कॅप्चरमधले चांगले तुकडे जोडले.

प्रोजेक्ट शेवटपर्यंत खालचं फील्ड आधी असाच ठेवला, पाट्या त्याच क्रमात नव्यानं केल्या. फोटो अल्बमच्या भागात पैठणीच्या काठाच्या बारीक आडव्या रेषा टीव्हीवर लुकलुकत होत्या. त्या एकाच ओळीत मावणाऱ्या, म्हणजे एकाच फील्डमध्ये दिसणाऱ्या. फोटो उभ्या दिशेनं अगदी किंचित मऊ केले की हे थांबतं. वरात रात्रीची, कॅमेऱ्यानं गेन (संवेदनशीलता) वाढवलेला, अंधारात मुंग्या. मुंग्या म्हणजे एमपेगसाठी अक्षताच, बिट खातात. तेवढ्या भागावरच हलका नॉइज फिल्टर लावला, दिवसाच्या प्रकाशातल्या दृश्यांना हात लावला नाही.

एका डिस्कचा हट्ट सोडायला काका सहज तयार झाले. पहिल्या डिस्कवर सीमांतपूजन, हळद आणि गौरीहर, दुसरीवर अंतरपाटापासून वरातीपर्यंत 90 मिनिटं. दुसरीवर चित्राला सरासरी 6.5 मेगाबिट मिळाले आणि कमाल मर्यादा 8 वर ठेवली. डीव्हीडीचं प्रमाण 9.8 पर्यंत परवानगी देतं खरं, पण घरी राइट केलेल्या डिस्कवर इतकी उसळी आली की जुने प्लेअर दमतात. दुहेरी थराची 8.5 जीबी डिस्क वापरावी असंही सुचवलं जातं. तिच्यावरून लेझर परत येतो तो 18 ते 30 टक्के, साध्या डिस्कवरून 45 ते 85. जुन्या प्लेअरसाठी मी दोन साध्या डिस्क पसंत करतो.

सगळं राइट करण्याआधी एक छोटी चाचणी डिस्क केली : नावांची पाटी, अक्षता, पैठणीचे फोटो, पाठवणी, वरात. सगळ्यात अवघड तेवढंच. ती काकांच्या घरी, त्यांच्या प्लेअरवर, त्यांच्या टीव्हीवर लावून बघितली. माझ्या टेबलावरचा मॉनिटर काय दाखवतो याला इथे महत्त्व नाही, डिस्क जिथे बघितली जाणार तिथली परीक्षा खरी. आणि तिथे गेल्यामुळे दोन गोष्टी कळल्या ज्या कॉम्प्युटरसमोर बसून कधीच कळल्या नसत्या.

टीव्ही रुंद होता आणि चित्र ताणून भरायचं असं सेटिंग होतं. शूटिंग 4:3 चं, त्यामुळे सगळे जरा जाड दिसत होते. कुटुंबाला त्याची सवय झाली होती. रिमोटवर 4:3 करून दिलं, दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले, काकूंना ते आधी आवडले नाहीत. नवऱ्या मुलाचा चेहरा बघितल्यावर आवडले. दुसरी गोष्ट केबल. लाल शालूच्या कडेला बारीक ठिपके सरपटत होते. हा पिवळ्या केबलचा गुण. त्या एकाच तारेतून रंग आणि उजेड दोन्ही जातात आणि टीव्हीला ते पुरते वेगळे करता येत नाहीत. प्लेअरच्या मागे हिरवा, निळा, लाल असे कॉम्पोनंटचे तीन सॉकेट रिकामे होते. तीन तारा जोडल्या, ठिपके गेले.

अंतिम डिस्क 8एक्सनं राइट करून पडताळून घेतल्या. स्टिकरऐवजी प्रिंटेबल डिस्कवर फोटो थेट छापला. काकांना फोटो हवाच होता आणि तो हट्ट मला पूर्ण रास्त वाटतो.

न्यू जर्सीची बाजू

तिथले टीव्ही आणि प्लेअर एनटीएससी या दुसऱ्या टीव्ही पद्धतीचे, 480 ओळी आणि सेकंदाला 59.94 फील्ड. आपल्याकडचे प्लेअर दोन्ही पद्धती चालवतात, तिथले बरेचसे पाल डिस्क घेतच नाहीत. एका नातेवाइकानं मधल्या काळात तिच्यासाठी एनटीएससी कॉपी करून पाठवली होती. ती लागायची, पण प्रत्येक हालचालीला दुहेरी सावली. फील्ड सुटी न करता 576 ओळी 480 मध्ये दाबल्या की दोन क्षणांच्या ओळी एकमेकांत कालवल्या जातात, आणि मग त्या पुन्हा वेगळ्या होत नाहीत.

तिला डिस्कची गरजच नव्हती. मूळ डीव्ही फाइलवरून चांगल्या प्रतीचं डीइंटरलेस केलं, प्रत्येक फील्डची एक पूर्ण फ्रेम, म्हणजे सेकंदाला 50, आणि एमपी4 फाइल पाठवली. डीइंटरलेसची योग्य जागा ही, कारण ती कॉम्प्युटरवर आणि फोनवर बघणार. 25 वर आणली असती तर निम्मी हालचाल गमावली असती.

कॅसेटवरून उतरलेल्या मूळ डीव्ही फाइल दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवल्या, एक काकांकडे, एक मुलीकडे. हळदीतले काही सेकंद दोन्ही कॅमेऱ्यांनी मिळूनही पूर्ण वाचले गेले नाहीत. तिथे एका मावशीच्या पदरावर दोन थिजलेल्या पट्ट्या राहिल्या आहेत. त्या जागी स्थिर फोटो टाकू का असं काकूंना विचारलं होतं. मावशी बोलतायत, आवाज स्वच्छ आहे, तो भाग आहे तसाच राहू दे, असं त्यांनी सांगितलं, आणि तो तसाच ठेवला.